बुद्धीचे प्रकार आणि शिकण्याच्या रीती : पालक-शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिष्यवृत्तीची परीक्षा असो, दहावीचा निकाल असो की पालकसभा, मुलांच्या बुद्धीबद्दल घरोघरी तेच ते प्रश्न निघतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगते. ‘बुद्ध्यंक ९२’ हा शिक्का जेवढा घातक, तेवढाच ‘हा ऐकून शिकणारा आहे’ हाही. दोन्हींमुळे मोठी माणसं मुलाकडे पाहायची थांबतात.

बुद्धी एकच असते की अनेक?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की एका विषयात पुढे असणारी मुलं बहुतेक वेळा बाकीच्या विषयांतही पुढे असतात. यामागे एक सर्वसाधारण क्षमता असावी, असं त्याने मांडलं. १९३८ मध्ये अमेरिकेत थर्स्टन यांनी सात वेगवेगळ्या क्षमता सांगितल्या: शब्दांचं आकलन, शब्द झटपट सुचणं, आकडेमोड, आकृती मनातल्या मनात फिरवून पाहणं, स्मरण, बारकावे चटकन टिपणं आणि तर्क. पुढच्या मोजमापांतून दिसलं ते असं: या क्षमता वेगळ्या ओळखता येतात, पण एकमेकींपासून पूर्ण सुट्या नसतात.

मला रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी वाटते ती रेमंड कॅटेल यांची विभागणी. नवीन, न पाहिलेलं कोडं सोडवण्याची प्रवाही बुद्धी एका बाजूला आणि आयुष्यभर साठत गेलेल्या ज्ञानाची संचित बुद्धी दुसऱ्या बाजूला. नवा फोन नातू दहा मिनिटांत उलगडतो, पण जमिनीच्या व्यवहाराच्या कागदात कुठे गोम आहे ते आजोबांनाच दिसतं. दोघांतलं हुशार कोण, हा प्रश्न मग गैरलागू होतो.

आयक्यूचा, म्हणजे बुद्ध्यंकाचा, आकडा नक्की काय सांगतो?

त्याच वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत हे मूल त्या दिवशी, त्या चाचणीत कुठे उभं होतं, एवढंच. सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण दोनतृतीयांश लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. तेच मूल महिन्याभराने पुन्हा बसलं तर आकडा थोडा खाली-वर होतो. म्हणून १०३ आणि १०८ या दोन भावंडांत फरक करणं निरर्थक आहे.

या चाचणीचा जन्म कशासाठी झाला, हे विसरता कामा नये. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी ती तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं शोधून त्यांना जादा मदत देता यावी म्हणून. मुलाची बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी आहे, असं मानणाऱ्यांवर बिने यांनी स्वतः कडक टीका केली होती. त्यांच्यानंतर तोच आकडा मुलांना वगळण्यासाठी वापरला गेला, हे दुर्दैव.

आपल्याकडे १९३०च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही अनेक दवाखान्यांत वापरली जाते. ती ज्या काळात रचली गेली तो काळ बराच मागे पडला आहे. त्यामुळे एकट्या तिच्या आकड्यावर मोठा निर्णय घेऊ नये, असं मी पालकांना आवर्जून सांगते.

आठ प्रकारच्या बुद्धिमत्ता असतात, असं शाळेच्या तक्त्यावर लिहिलंय. ते खरं का?

हा विचार हॉवर्ड गार्डनर यांचा. १९८३ मध्ये त्यांनी सात बुद्धिमत्ता मांडल्या: भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, इतरांना समजून घेण्याची आणि स्वतःला समजून घेण्याची. आठवी, निसर्गाची, नंतर जोडली. शिक्षकांनी ही मांडणी उचलून धरली आणि त्याला कारण होतं. गाणारी, मातीकाम करणारी, भांडण मिटवणारी मुलं वर्गात बिनकामाची ठरत होती. त्यांच्याकडे आदराने पाहायला तिने शिकवलं. त्याबद्दल मला तिचं मोल वाटतं.

शास्त्र म्हणून मात्र ती कच्ची आहे. या आठ क्षमता एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, याला मोजमापांचा आधार मिळालेला नाही. ‘शारीरिक बुद्धीच्या’ मुलाला गणित उड्या मारायला लावून शिकवा, असा जो अर्थ लावला जातो तो तर गार्डनर यांनाही मान्य नाही. बुद्धिमत्तेचे प्रकार आणि शिकण्याच्या शैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं आहे.

शिबिरात सांगितलं की मुलगी ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे पाहून शिकणारी, आहे. मग सगळं चित्रांतूनच शिकवायचं का?

नको. काही मुलांना चित्रं आवडतात, काहींना ऐकायला आवडतं, हे खरंच आहे. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं म्हणून शिकणं जास्त पक्कं होतं का, हे तपासायला गेल्यावर हाती काही लागत नाही. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन एकत्र करून पाहिलं. शैलीप्रमाणे शिकवण्याला पुरेसा पुरावा नाही, असाच त्यांचा निष्कर्ष होता.

पद्धत ठरवतो तो विषय. महाराष्ट्राच्या नद्या नकाशाशिवाय शिकवता येत नाहीत, मग मूल कुठल्याही ‘टाइप’चं असो. यमन ऐकूनच कळतो. पोळी लाटायला हातात लाटणंच घ्यावं लागतं. आणि एकच गोष्ट शब्द आणि आकृती अशा दोन्ही वाटांनी समोर आली तर सगळ्यांनाच फायदा होतो.

डाव्या मेंदूची मुलं गणिती आणि उजव्या मेंदूची कलाकार असतात का?

नाही. मेंदूच्या दोन अर्धगोलांत कामाची काही वाटणी आहे. अपस्मारासाठी ज्यांच्या मेंदूचे दोन भाग शस्त्रक्रियेने वेगळे केले होते, अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. पण धडधाकट माणसात दोन्ही बाजू सतत एकत्र काम करतात. गाणं म्हणताना आणि भागाकार करतानाही.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी ओळखणारी चाचणी करावी का? आणि मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन?

दोन्हींवर एक रुपयाही खर्च करू नका. बोटांवरच्या रेषा जन्माच्या कितीतरी आधी गर्भातच बनतात. त्यांवरून गणिताची गती किंवा करिअर ठरवता येतं, याला कसलाही वैज्ञानिक आधार नाही. अहवाल रंगीत असतो, वीस-पंचवीस पानांचा असतो आणि त्यात प्रत्येक मुलाबद्दल काहीतरी पटण्यासारखं लिहिलेलं असतं. म्हणूनच पालक फसतात.

मेंदूचा मधला भाग ‘जागा’ करतो म्हणणाऱ्या मिडब्रेनच्या वर्गात मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात. नाकाजवळच्या फटीतून दिसतं, हे त्यामागचं इंगित. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा वर्गांना जाहीर आव्हानं दिली आहेत. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे की या खेळात आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आईबापांशी खोटं बोलायला शिकवलं जातं.

अबॅकस लावला तर बुद्धी वाढते का?

आकडेमोड सुधारते. बडोद्यातल्या एका शाळेत संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलांची विभागणी करून तीन वर्षं हेच तपासलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अबॅकस शिकलेल्या मुलांची अंकगणितात प्रगती जास्त दिसली, पण स्मरण, लक्ष यांसारख्या मूलभूत क्षमतांमध्ये वेगळी वाढ दिसली नाही.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या अ‍ॅपचंही असंच. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात एक विद्यार्थी सरावाने ओळीने ७९ अंक ऐकून म्हणून दाखवू लागला. तो धावपटू होता, त्यामुळे अंकांचे गट करून त्यांना शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली. गाडी सहावर अडली. ज्याचा सराव केला तेच वाढलं.

बाजारात चोख हिशेब करणारी मुलं शाळेच्या गणितात नापास का होतात?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण याच मुलांना आपण सर्वांत आधी ‘ढ’ ठरवतो.

१९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांकडे गेले. एका नारळवाल्याला विचारलं, ३५ क्रुझेरोंचा (क्रुझेरो हे तिथलं तेव्हाचं चलन) एक, तर चार नारळांचे किती? तो तोंडी म्हणाला: १०५ होतील, त्यात ३०, म्हणजे १३५, एक नारळ ३५ चा, म्हणजे १४०. तीन नारळांचे १०५ त्याला धंद्यामुळे पाठच होते. वरच्या ३५ पैकी ३० आधी मिळवले, राहिलेले पाच नंतर. उत्तर बरोबर.

काही दिवसांनी कागद-पेन्सिल देऊन तेच विचारलं: ३५ गुणिले ४. मूल मोठ्याने सांगू लागलं: चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. आणि लिहिलं २००. हातचा मिळवायचा कधी, आधी की नंतर, एवढंच चुकलं होतं. बाजारात कुणी त्याला चार नारळांचे दोनशे सांगितले असते तर ते हसलं असतं. पण कागदावर नारळ नव्हते, त्यामुळे २०० हे उत्तर विचित्र आहे, हे त्याला जाणवलंच नाही.

पाचही मुलांचं मिळून बाजारात ९८ टक्के बरोबर, शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के, नुसत्या मांडलेल्या उदाहरणांत ३७ टक्के. मुलं तीच, आकडेही बरेचसे तेच.

२०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा याच धर्तीचा मोठा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतला. तिथेही हेच दिसलं. शिवाय त्याची उलट बाजूही दिसली: फक्त शाळेत जाणारी मुलं पुस्तकी गणितं सोडवत होती, पण बाजारातला व्यवहार समोर आला की अडखळत होती. म्हणजे दोन्हीकडे ज्ञान आहे आणि दोन्हीकडे ते आपल्या जागेवरून हलत नाही. हा पूल आपोआप बांधला जात नाही, तो शिक्षकाने बांधायचा असतो. आठवडी बाजारात बसणाऱ्या मुलीला फळ्यावर बोलवा, तिचा तोंडी हिशेब तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि शेजारी पुस्तकातली रीत मांडा. दोन्हींत एकच गोष्ट घडते आहे, हे वर्गालाही दिसेल आणि तिलाही.

शाळेत न गेलेल्या माणसाची बुद्धी अशा चाचण्यांनी मोजता येते का?

फार जपून. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातल्या कपेले जमातीच्या शेतकऱ्यांना संशोधकांनी काही वस्तू दिल्या आणि एकत्र जाणाऱ्या वस्तू लावायला सांगितलं. अपेक्षा होती की अन्न एका ठिकाणी, हत्यारं एका ठिकाणी. शेतकऱ्यांनी कंदाजवळ सुरी ठेवली, कारण कंद सुरीने कापतात. शहाणा माणूस असंच लावेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी वैतागून विचारलं की मग मूर्ख माणूस कसं लावेल? त्यांनी लगेच अन्न, हत्यारं, भांडी असे वेगवेगळे ढीग करून दाखवले. चाचणीला हवी असलेली विचारपद्धत त्यांना येत होती, फक्त ती त्यांना शहाणपणाची वाटत नव्हती.

पाढे पाठ करणं म्हणजे घोकंपट्टीच ना? आता त्याची गरज काय?

गरज आहे, आणि ती मेंदूच्या रचनेतून येते. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या नव्या गोष्टी फार थोड्या असतात, साधारण चार. त्यातली जागा ‘सात आठे किती’ हे शोधण्यात गेली तर मूळ उदाहरणासाठी काय उरणार? पाठ असलेली गोष्ट ती जागा अडवत नाही.

आपले जुने लोक पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणत. अपूर्णांकांचे पाढे! ते पुन्हा सगळे पाठ करावेत असं माझं म्हणणं नाही, पण पाव आणि पाऊण यांची ओळख त्या पिढीला व्यवहारात पक्की होती. आज सातवीतल्या मुलांना तीनचतुर्थांश म्हणजे पाऊण हे सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

अर्थ न कळता धड्याखालची उत्तरं पाठ करणं ही गोष्ट निराळी. तिला माझा विरोधच आहे.

रोज तीन तास वाचतो, तरी पेपरात आठवत नाही. बुद्धी कमी आहे का?

बहुतेक वेळा बुद्धीचा संबंधच नसतो. अभ्यासाची रीत चुकलेली असते, आणि ती सुधारता येते.

पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटायला लागतो. मूल त्या ओळखीलाच ‘येतं’ समजतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, न पाहता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

घरी हे असं करता येईल. धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, कारण कागद निम्मा कोराच राहतो आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. त्या वेळी शेजारी बसा आणि रागावू नका. तो आठवण्याचा त्रासच कामाचा असतो.

गणितात आणखी एक: शंभर उदाहरणं एकाच प्रकारची सोडवण्यापेक्षा प्रकार मिसळा. परीक्षेत कुठली रीत वापरायची हेच तर ओळखायचं असतं. आणि झोप कापून अभ्यास करू देऊ नका, शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं.

बुद्धी आनुवंशिक असते ना? मग आपल्या हातात काय आहे?

आनुवंशिकतेचा वाटा आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण विसाव्या शतकात अनेक देशांत चाचण्यांतले गुण दर दशकाला सुमारे तीन अंकांनी वाढत गेले. जनुकं एवढ्या वेगाने बदलत नाहीत. शाळा, आहार, आरोग्य आणि राहणी बदलली. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या मोजणीत शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे १ ते ५ अंकांची वाढ दिसली. गरोदरपणी आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो, आणि तो आयोडीनयुक्त मिठाने टाळता येतो. म्हणून मुलीला दहावीनंतर शाळेतून काढू नका, असं सांगताना मी तिच्या बुद्धीबद्दलही बोलत असते.

‘तू किती हुशार आहेस’ असं कौतुक करावं का?

कमी करा. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली पाचवीची मुलं पुढे सोपं काम निवडू लागली, आणि एका अपयशानंतर त्यांची कामगिरी घसरली. मुलाने काय केलं ते बोला: ‘आकृती आधी काढलीस, म्हणून सुटलं.’ मात्र ‘मेहनतीने बुद्धी वाढते’ अशा मनोवृत्तीच्या नुसत्या भाषणांनी गुण उंच उडत नाहीत. मोठ्या पाहण्यांत तो परिणाम लहानच दिसला आहे.

मुलगा बोलण्यात चुणचुणीत आहे, पण चौथीतही वाचताना अडखळतो. काय करावं?

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग लक्ष द्या: भ आणि म, घ आणि ध यांत नेहमी गोंधळ होतो का? जोडाक्षर आणि रफार आला की थांबतो का? वाचून दाखवलं की सगळं समजतं, पण स्वतः वाचताना अर्थ निसटतो का? तसं असेल तर अध्ययन अक्षमता असू शकते. तिचा बुद्ध्यंकाशी संबंध नाही, ती उत्तम बुद्धीच्या मुलांतही असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ‘आळशी आहे’ म्हणत काढलेली दोन वर्षं मुलाला फार महागात पडतात.

मराठी माध्यम की इंग्रजी?

सुरुवातीची वर्षं घरच्या भाषेत. नवी संकल्पना आणि नवी भाषा एकदम पेलायला लावली तर दोन्ही कच्च्या राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेवर भर आहे. इंग्रजी चांगली शिकवावी, विषय म्हणून आणि पहिल्यापासून.

माझं वय ५२. आता नवीन काही जमेल का?

जमेल. वेग थोडा कमी असतो, पण साठा मोठा असतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २०११ च्या अभ्यासात, जे ही परीक्षा उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूचा जागा लक्षात ठेवणारा भाग प्रशिक्षणाच्या काळात वाढलेला दिसला. आणि ते सगळे प्रौढ होते.

वर्गात पन्नास मुलं आहेत. प्रत्येकाची बुद्धी वेगळी म्हणून पन्नास तऱ्हांनी शिकवायचं का?

कुणालाही ते शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. मूल आत्ता कुठे आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ. १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने हेच धरलं. तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज काही वेळ इयत्ता विसरून बसवायचं: अक्षर ओळखणारी एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, परिच्छेद आणि गोष्ट वाचणारी एकत्र. ज्याला जे येतं त्याच्या पुढची पायरी शिकवायची, आणि मूल पुढे गेलं की गट बदलायचा. गट बदलतो, हे यात सर्वांत मोलाचं. तो शिक्का होत नाही.

त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षक कुरणावर गेले. दगड, पानं, बिया मोजायला होत्याच. या मुलांना शिकण्यात रस नाही, असं तोवर खुशाल म्हटलं जात होतं.

चाचणी करायचीच असेल तर कुणाकडे जावं आणि काय मागावं?

भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे, किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग वा मानसोपचार विभागात. मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत चाचणी घ्या, असा आग्रह धरा. ते आजारी असेल, उपाशी असेल किंवा रडून आलं असेल, तर तारीख पुढे घ्या. अहवालात एकच आकडा नको. शब्द, आकृती, स्मरण, वेग अशा भागांचे गुण वेगवेगळे मागा, कारण भागाभागांतला मोठा फरक बऱ्याचदा एकूण आकड्यापेक्षा जास्त सांगून जातो. आणि शेवटच्या पानावर शिक्षकाने सोमवारपासून काय करायचं ते लिहिलेलं नसेल, तर ते लिहून घेतल्याशिवाय उठू नका.